मार्गासनीवरचे ऐंशी सेकंद

१

पाकीट जागच्या जागी होतं. आतलं कार्ड तेवढं नाहीसं झालं होतं.

विंझरला खत-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर अमृतचं ऑफिस आहे. दोन कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि जिन्यातून वर येणारा खतांचा वास, एवढाच त्याचा संसार. अमृतनं ते रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं आणि धम्मदीप रणपिसे यांच्या तोंडाकडे बघत बसला.

रणपिसेकाकांचं वय बासष्ट. चौतीस वर्षं त्यांनी विमानातली घड्याळं दुरुस्त केली होती. घड्याळं म्हणजे वेळेची नव्हेत. उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, विमान किती झपाट्यानं चढतंय-उतरतंय ते दाखवणारं. वर्कशॉपात सगळे त्या उपकरणांना घड्याळंच म्हणत. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात. काकांनी भोरच्या घरातली सगळी यंत्रं उघडून पुन्हा बसवली, आणि बायकोनं, संजीवनीबाईंनी, हात जोडल्यावरच ते थांबले.

तेव्हापासून ते अधूनमधून स्कूटर काढून विंझरला यायचे, कारण अमृतचा धंदा त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. विमान उडतं तेव्हा त्याची उंची, वेग, दिशा दर सेकंदाला एका नखाएवढ्या कार्डावर नोंदली जाते. कार्डात नुसते आकडे असतात, रांगाच्या रांगा. त्या आकड्यांवरून अमृत आणि त्याची सहकारी स्नेहल पडद्यावर कॉकपिटमधली घड्याळं काढायचे आणि त्यांचे काटे तसेच्या तसे हलवून दाखवायचे. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळा असे व्हिडिओ करून घेत, म्हणजे शिकणाऱ्याला आपलं उड्डाण खाली बसून पुन्हा बघता येई. गावात याला ‘घड्याळांचा सिनेमा’ म्हणत.

“कुणाचं कार्ड?” काकांनी विचारलं.

“शेफालीचं. मार्गासनीच्या हनुमंतनाना भुरुकांची पोरगी. मागच्या शुक्रवारी तिनं पहिल्यांदा एकटीनं लांबचं उड्डाण केलं. सोमवारी आम्ही व्हिडिओ करून शाळेला पाठवला. मंगळवारी तिला शिकवणाऱ्या मानसिंग सरांनी तो बघितला आणि तिचं उडणंच बंद केलं.”

“का?”

“गावावरून जाताना हजार फुटांच्या खाली यायचं नाही, असा शाळेचा नियम आहे. व्हिडिओत ती बरोबर मार्गासनीवर पाचशे फुटांपर्यंत खाली आली. सरांचं म्हणणं, गावाला दाखवायला गेली. ती म्हणते, मी गेलेच नाही. सरांनी खात्री करायला मूळ कार्ड मागितलं. मी ड्रॉवर उघडला तर हे असं.”

शनिवारी सुनावणी होती. कार्ड मिळालं नाही तर व्हिडिओ बघून निकाल लागणार होता, आणि निकाल विरुद्ध गेला तर शेफालीला शाळेतून काढणार होते. आज गुरुवार होता.

काकांनी पाकीट हातात घेतलं. चिकटपट्टी सोडवलेली होती. तोंड दोनदा दुमडून त्याचा कोपरा आत खोचला होता.

“हे तू असं बंद केलंस?”

“न्हाई. मी चिकटपट्टी लावतो.”

म्हणजे नेणाऱ्यानं रिकामं पाकीटसुद्धा नीट मिटून ठेवलं होतं. काकांना त्याचं नवल वाटलं.

२

“आधी सिनेमा दाखव,” काका म्हणाले.

स्नेहलनं व्हिडिओ लावला. पडद्यावर सहा घड्याळं उमटली, खाली कोपऱ्यात जमिनीपासूनची उंची. काका खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर चढवून बसले. स्नेहल त्यांच्या मागे उभी होती, तिनं हाताची घडी घट्ट घातली होती. शेफाली आणि ती एका वर्गात शिकल्या होत्या.

मार्चमधली दुपार, खाली तापलेले डोंगर. अशा हवेत लहान विमानाला कुणी ना कुणी खालून ढुशी देत असतं. काटे सारखे थरथरत होते, आणि ती थरथर बघून काकांना बरं वाटलं. असंच असतं ते.

“आता मार्गासनी,” स्नेहल हळूच म्हणाली.

एक मोठा हबका बसला. उंचीचा काटा खाली दबला. आणि मग तो शांतपणे, लोण्यातून सुरी फिरावी तसा, खाली खाली उतरत गेला. अकराशे, नऊशे, सातशे, पाचशे. तिथून तितक्याच शांतपणे वर चढला, अकराशेला पोचला, एक झटका वर खाल्ला आणि पुन्हा थरथरायला लागला.

“परत लाव.”

तिनं परत लावला. काकांनी तो भाग सात वेळा बघितला. मनगटावरच्या घड्याळानं मोजला, ऐंशी सेकंद भरले. आठव्या वेळी त्यांनी उंचीच्या घड्याळावर हात आडवा धरला आणि नुसतं चढउताराचं घड्याळ बघितलं.

“अमृत, या घड्याळाच्या पोटात काय असतं ते मी तुला मागं सांगितलं होतं.”

“बारीक भोक.”

“त्या भोकातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून हा काटा आळशी असतो. विमान खाली निघून पाच-सहा सेकंद झाले की मग याच्या लक्षात येतं, अरे, आपण खाली चाललोय. शाळेची विमानं जुनी आहेत, नोंद याच घड्याळावरून होते, म्हणून हा आळस कार्डातही उतरतो. सगळा व्हिडिओ बघ, काटा मागून येतोय. या ऐंशी सेकंदांत बघ.”

अमृतनं बघितलं. उंची बदलली की त्याच क्षणी चढउताराचा काटा हलत होता. कसा अगदी हुशार मुलासारखा.

“मार्चची दुपार, डोंगराळ मुलूख, तरी एवढाच वेळ काटे थरथरत नाहीत, आणि चौतीस वर्षांत मी न पाहिलेला एक चपळ काटा इथं दिसतोय,” काका म्हणाले. “हे ऐंशी सेकंद विमानानं लिहिलेले नाहीत.”

“मग कुणी लिहिले?” अमृतनं विचारलं.

काका वळले. स्नेहलचा चेहरा उतरला होता.

३

“मी मुद्दाम काही केलं नाही, काका,” ती म्हणाली.

“मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही. बस आणि सांग.”

ती बसली. कार्ड कधीकधी एखाद्या सेकंदाची नोंद गाळतं, तिनं सांगितलं. तसंच दाखवलं तर काटा पडद्यावर उडी मारतो, आणि शाळा तक्रार करतात की काम कच्चं आहे. म्हणून तिनं प्रोग्रामलाच शिकवलं होतं की जिथं नोंद नसेल तिथं अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक छान गोल रेषेनं जोडून घे, आणि त्या रेषेवरून चढउताराचा काटा हलव.

“सेकंद-दोन सेकंदांसाठी केलं होतं,” ती म्हणाली. “पण किती सेकंदांपर्यंत जोडायचं, ती मर्यादाच घातली नाही मी. एवढी मोठी फट असेल असं मनातच आलं नाही. व्हिडिओ किती सुरेख दिसतोय तेवढंच बघितलं.”

“आणि मूळ आकडे?”

“शाळेची अट आहे, व्हिडिओ पाठवला की आकडे पुसायचे. पुसले. कार्डावरच आहेत आता.”

म्हणजे फट होती हे सिद्ध करायला कार्डच हवं. काकांनी डोळे मिटले. सोमवार-मंगळवारात या खोलीत कोण कोण आलं, ते त्यांनी दोघांना आठवायला लावलं. अमृत आणि स्नेहल तर होतेच. सोमवारी दुपारी मानसिंग सर दुसरी कार्डं द्यायला आले होते. सोमवारी संध्याकाळी हनुमंतनाना बियाणं घ्यायला दुकानात आले, तेव्हा अमृतनंच त्यांना हौसेनं वर बोलावलं होतं.

“म्हटलं, लेकीचं उड्डाण बघा. ज्या कार्डात ते साठलंय तेही हातात दिलं, मग परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. नाना लई खूश होते. मग मार्गासनी आली आणि मीच थट्टेनं बोललो, नाना, पोरगी कौलं मोजायला खाली आली बघा. आता सर कान धरतील.” अमृत ओशाळला. “त्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही.”

“तू चहा सांगायला खाली गेला होतास?”

“व्हय. स्नेहल घरी गेली होती.”

शुक्रवारी सकाळी काका शिवऱ्याला गेले. हायवेच्या कडेच्या टपरीवर मानसिंग सर भेटणार होते.

मानसिंग सर चाळिशीचे, ताठ पाठीचे गृहस्थ. त्यांनी चहाचा ग्लास हातातच धरून ठेवला.

“माझ्याबरोबर एक जण शिकत होता,” ते म्हणाले. “स्वतःच्या गावावर खाली गेला, आईला हात करायला. विजेच्या तारा त्याला दिसल्या नाहीत. शेफाली माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे, म्हणूनच मला जास्त राग आलाय. कार्ड आणा, काका. कार्ड तिच्या बाजूनं बोललं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर माझ्याजवळ व्हिडिओच आहे.”

ते खरं बोलत होते, याबद्दल काकांना शंका उरली नाही. कार्ड सगळ्यांना हवं होतं. मग ते नकोसं कुणाला झालं होतं?

४

मार्गासनीला भुरुकांचं घर रस्त्यापासून जरा आत, मळ्यातच आहे. अंगणात तिचे वडील हनुमंतराव कोंबड्यांचं डालगं दुरुस्त करत बसले होते. शेजारी बांबूच्या ताज्या कामट्यांचा ढीग होता.

काका स्कूटरवरून उतरतात न उतरतात तोच शेफाली घरातून बाहेर आली. बावीस वर्षांची, सडपातळ, डोळ्यांखाली काळं.

“काका, कार्ड घावलं?”

“अजून नाही.”

ती पायरीवर बसली. “त्यात सगळं हाय वो. मी अकराशेवर व्हते. हबके बसत व्हते, पन मी सोडलं न्हाई. सर एकदा कार्ड बघतील तर त्यांनाच कळंल.”

“तू घरावरून गेलीस, तेव्हा खाली बघितलंस?”

“बघितलं की. आबा मळ्यात फडकं हलवत व्हते. एवढुसे दिसले.” तिनं बोटाचं पेर दाखवलं आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

हनुमंतरावांनी मान वर केली नाही. कामटी विणीतून ओढत ते म्हणाले, “जाऊ द्या की आता. कार्ड न्हाई तर पुरावा न्हाई. पुरावाच न्हाई तर काय करत्यात पोरीला?”

“व्हिडिओ आहे ना, हनुमंतराव.”

“सिनेमा त्यो. सिनेम्यात काय बी दाखवत्यात.”

“आबा, तसं नसतं,” शेफाली म्हणाली. “कार्ड नसलं तर सर व्हिडिओच धरनार.”

म्हाताऱ्याचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

निघताना शेफालीच्या आईनं काकांना थांबवलं. घरच्या वालाचं बी चांगलं आहे, परसात लावा म्हणाली. हनुमंतराव आत गेले, पत्र्याच्या डब्यातून मूठभर बी घेऊन आले आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानात त्याची पुडी बांधली. पुडीचं तोंड त्यांनी दोनदा दुमडलं आणि कोपरा आत खोचला. जन्मभर बियाणं बांधणाऱ्या हातांनी, न बघता.

काका त्या पुडीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्कूटरची किल्ली परत खिशात घातली.

५

“हनुमंतराव, एक कामटी द्या जरा,” ते म्हणाले आणि तिथंच अंगणात मांडी घालून बसले.

हनुमंतरावांनी हातभर लांब, पातळ कामटी दिली. शेफालीही जवळ आली. काकांनी कामटी दोन्ही टोकांना धरून आडवी केली.

“ही विमानाची वाट समजा. इथं डावीकडं नोंद तुटली. उजवीकडं ऐंशी सेकंदांनी परत सुरू झाली. मधलं कार्डानं लिहिलंच नाही. कार्ड जुनं होतं, चुकलं. मग अमृतच्या कॉम्प्युटरनं काय केलं, तर दोन्ही टोकं धरली आणि मधे अशी कामटी बसवली.”

“सरळ बसली की,” हनुमंतराव म्हणाले.

“टोकं सरळ धरलीत म्हणून. पण नोंद तुटली त्या क्षणी वरून हबका बसला होता, विमान दबत होतं.” काकांनी डावं मनगट असं वळवलं की कामटी तिथून खाली झुकून निघाली. “आणि नोंद परत सुरू झाली तेव्हा खालून ढुशी बसली होती.” उजवीकडे ती वर चढत येईल असं त्यांनी दुसरं मनगट वळवलं.

कामटीचं पोट खाली लोंबलं. दोन्ही हात होते त्याच उंचीवर होते.

“हेच ते पाचशे फूट,” काका म्हणाले. “कामटीला विमान ठाऊक नाही, मार्गासनी ठाऊक नाही. टोकं कशी धरलीत तेवढं तिला कळतं. पोरगी खाली आली हे कुणीही लिहिलेलं नाही, हनुमंतराव. ते कामटीचं पोट आहे.”

हनुमंतरावांनी ती कामटी काकांच्या हातातून घेतली. स्वतः दोन्ही टोकं धरली. एकदा वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. बांबू काय करतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“म्हंजी ती खाली आलीच न्हवती?”

“आली असं म्हणायला काही आधार नाही. पण उद्या मानसिंग सरांना ती फट दाखवावी लागेल, आणि ती फक्त कार्डावर आहे. ते ज्यानं नेलं, त्याला वाटलं असेल की कार्ड पोरीच्या विरुद्ध साक्ष देणार. तिच्या बाजूचा साक्षीदार तेवढा एकच होता.”

हनुमंतराव उठले, आत गेले आणि पत्र्याचा तो बियाण्याचा डबाच घेऊन आले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. तळातून एक लहान पुडी निघाली, कोपरा खोचलेली.

“मीच सांगितलं व्हतं तिला,” ते खाली बघून म्हणाले. “म्हनलं व्हतं, एकडाव आपल्या मळ्यावरनं ये गं, मला बघू दे. खालनं मला उंची काय कळती? मग त्या सिनेम्यात काटा खाली गेला. वाटलं, माज्यासाठी आली ही खाली. माज्यामुळं गेलं पोरीचं समदं. अमृत चहाला गेला तवा काडलं.”

“मग टाकून का नाही दिलंत?”

“नदीवर गेलतो टाकाया.” त्यांनी पुडी तळहातावर धरली. “फेकवंना. तिच्यात पोर उडतीया.”

शेफाली पायरीपाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता.

“आबा, तुमी मला का न्हाई विचारलं?”

हनुमंतरावांनी पुडी काकांच्या हातात ठेवली.

“विचारलं आसतं,” ते म्हणाले, “आन् तू व्हय म्हनली आसती तर? म्हनून न्हाई विचारलं.”

तिला ते लागलं. रणपिसेकाकांना तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं, आणि चोर सापडल्याचा जो थोडासा आनंद त्यांना झाला होता तोही गेला. कार्ड घेऊन ते मुकाट्यानं निघाले.

६

शनिवारी शाळेच्या धावपट्टीकडे जाताना गाडीत अमृतनं विचारलंच, “काका, नानांवर संशय आला कसा? पुडीवरून?”

“पुडीनं खात्री केली. संशय आधीच होता. कार्ड चोरणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे, व्हिडिओ खरा आहे अशी खात्री, नाहीतर कार्डाला भ्यायचं कारण काय? दुसरी म्हणजे, शेफाली वाचली पाहिजे. मानसिंगला पहिली होती, पण कार्ड तर तोच मागत होता. तुम्हा दोघांना फट माहीतच नव्हती, तुम्हाला लपवायचं काही नव्हतं. शेफाली मला बघताच विचारते, कार्ड घावलं का. ज्याला निर्दोष असल्याचं ठाऊक आहे तो असंच विचारणार. अख्ख्या प्रकरणात एकाच माणसानं तो प्रश्न मला विचारला नाही.”

मागच्या सीटवर स्नेहल खिडकीतून बाहेर बघत होती. मर्यादा न घालण्याची चूक आपली, हे ती सरांना स्वतः सांगणार होती, आणि तिनं तसं सांगितलंही.

मानसिंग सरांनी कार्ड उघडलं. आकड्यांच्या रांगा आल्या, मग ऐंशी सेकंदांची पांढरी जागा, मग पुन्हा रांगा. त्यांनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“तू खाली गेलीस असं यात नाही,” ते शेफालीला म्हणाले. “गेली नाहीस, असंही यात नाही.”

“व्हय, सर.”

“मग तूच सांग. गेली होतीस?”

“न्हाई, सर.”

मानसिंग सरांनी मान हलवली, कागद पुढे ओढला आणि सोमवारपासून उड्डाण सुरू, असं लिहून सही केली. कार्ड कुणी नेलं होतं, हे कुणी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही.

पंधरवड्यानं विंझरच्या माडीवर पुन्हा चार खुर्च्या भरल्या. स्नेहलनं तोच व्हिडिओ नव्यानं केला होता. हनुमंतरावांना आणायला शेफाली स्वतः गेली होती. इतके दिवस बापलेकीत कामापुरतंच बोलणं होतं, हे काकांना शेफालीच्या आईकडून कळलं होतं.

काटे थरथरत पुढे सरकले. डोंगर मागे पडले. मार्गासनी आली, मोठा हबका बसला, आणि सहाही घड्याळं करडी झाली. काटे नाहीसे झाले.

“हितं काय दिसंना,” हनुमंतराव म्हणाले.

“नोंद नाही, नाना,” स्नेहल म्हणाली. “जिथं नाही तिथं आता मी काही दाखवत नाही.”

हनुमंतराव त्या करड्या घड्याळांकडे बघत बसले. मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले आणि सुटले. मग ते लेकीकडे वळले.

“शेफे, हितं किती वर व्हतीस गं तू?”

शेफालीनं त्यांच्याकडे बघितलं.

“अकराशे फूट, आबा. तुमी फडकं हलवत व्हता.”

“व्हय,” हनुमंतराव म्हणाले. “हलवत व्हतो.”

काटे परत यायला अजून अवकाश होता. दोघांपैकी कुणी पडद्याकडे बघत नव्हतं.